एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरची बाई

सगळे त्यांना फॉर्मवाल्या बाई म्हणत. खरं नाव केंद्राच्या हजेरीपुस्तकात होतं, पण तेही दर अकरा महिन्यांनी नव्यानं लिहावं लागे, कारण बाईंची नेमणूक अकरा महिन्यांची असे. बारावा महिना नियमाप्रमाणे घरी बसायचं, तेराव्याला पुन्हा अर्ज करायचा. एकवीस वर्षं बाई अशा अकरा-अकरा महिन्यांच्याच होत्या. आणि केंद्र कसलं म्हणाल, तर कामगारांच्या सुखदुःखाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारं.

विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर हे केंद्र होतं. तिथल्या सरांनी नऊ वर्षांपूर्वी एक मोठा अभ्यास हाती घेतला. तीनशे कामकरी माणसं निवडायची आणि दरवर्षी त्याच माणसांना तेच प्रश्न विचारायचे: काम किती तास, वरिष्ठ कसे बोलतात, झोप लागते का, कामावर कोणी आपलं वाटतं का. माणसाचं काम त्याला कसं घडवतं आणि कसं झिजवतं, हे वर्षानुवर्षांच्या उत्तरांतून कळावं असा हेतू. हेतू चांगलाच होता, सरही वाईट नव्हते. फक्त त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट टक्क्यांत दिसे. चहा कसा झालाय विचारलं तरी ते ऐंशी टक्के म्हणत.

तीनशेपैकी दीडशे माणसं बाईंच्या वाट्याला आली होती. बस आगारात गाड्या धुणारा, गोदामात खोकी चिकटवणारी, दवाखान्यातली आया, छापखान्यातला कटिंगवाला. बाई त्यांच्या घरी जायच्या, मिळेल त्या खुर्चीवर किंवा पेटीवर बसायच्या आणि एकशे बारा प्रश्न एकही शब्द न बदलता वाचायच्या. तसं शिकवलेलंच होतं. चेहरा कोरा ठेवायचा. मान डोलवायची नाही, "अरेरे" म्हणायचं नाही, स्वतःबद्दल चकार शब्द काढायचा नाही. समोरचं माणूस रडलं तर पाणी द्यायचं, रुमाल द्यायचा नाही. रुमाल दिला की जवळीक होते आणि पुढची उत्तरं बिघडतात, असं शिकवणीच्या पुस्तकात छापलेलं होतं. बाईंनी एकवीस वर्षांत एकदाही कोणाला रुमाल दिला नव्हता.

लोक त्यांना काय काय सांगत. गाड्या धुणाऱ्यानं बायकोला न सांगितलेला आजार बाईंना सांगितला होता. आयानं मुलाच्या लग्नात आपल्याला मागच्या रांगेत कसं बसवलं ते सांगितलं होतं. बाई ऐकायच्या, रकान्यात खूण करायच्या, पुढचा प्रश्न वाचायच्या. कधी कोणी विचारायचं, "बाई, तुमच्या घरी कोण कोण?" त्यावर उत्तर ठरलेलं होतं: "ते आपण फॉर्म झाल्यावर बोलू." फॉर्म व्हायला सव्वा तास लागे. तोवर समोरच्याला कामावर जायचं असे, बाईंना पुढचं घर गाठायचं असे. एकवीस वर्षांत ते बोलणं काही झालं नाही.

घरी कोणी नव्हतं. आई होती तोवर बाईंना तिचंच पुरे होत होतं. तिचं अंथरूण, तिची औषधं, तिची कुरकुर. आई गेली आणि दोन खोल्यांत बाई एकट्या उरल्या. लग्नाचं वय कधी आलं आणि कधी निघून गेलं हे आईच्या आजारपणात कोणाच्या ध्यानातच आलं नाही. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. तो दर रविवारी सकाळी फोन करायचा. "ताई, कशी आहेस? औषधं घेतेस ना? ही नमस्कार सांगतेय." फोन ठेवल्यावर पडद्यावर आकडा दिसायचा, चार मिनिटं बारा सेकंद, तीन मिनिटं एकोणसाठ. माणूस प्रेमळ होता, उगीच त्याला नावं ठेवायला नकोत. पण त्या फोनची शिवण पाच मिनिटांच्या आतच उसवायची.

आता एकशे अठ्ठ्याऐंशी नंबर.

अभ्यासात कोणाला नाव नसतं, नंबर असतो. एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरची बाई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई खात्यात चादरींना इस्त्री करायची. मितभाषी होती. पाच वर्षं बाई तिच्याकडे गेल्या. सहाव्या वर्षी दाराला कुलूप. नियमाप्रमाणे तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन पाहायचं, मग "सापडली नाही" असा शेरा मारायचा. तिसऱ्या खेपेला शेजारणीनं सांगितलं, "गेली ती. कुठं ते नाही बोलली. खोली सोडली एवढं माहितीय."

त्याच सुमारास सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं होतं, "पंधरा टक्के गळती झाली की आपला अभ्यास संपला म्हणून समजा. पैसे देणारे हात काढून घेतील." तीनशेचे पंधरा टक्के म्हणजे पंचेचाळीस. त्या वर्षीपर्यंत चव्वेचाळीस गळाले होते. इस्त्रीवाली पंचेचाळिसावी. तिच्या नावापुढं शेरा पडला की अभ्यास बंद, आणि अभ्यास बंद म्हणजे बाईंचा तेरावा महिना कायमचा गेला. वय बावन्न. या वयात कोण दुसरीकडे उभं करणार?

म्हणून एका रविवारी दुपारी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कोरा फॉर्म घेऊन बसल्या. इस्त्रीवाली काय म्हणाली असती ते आठवून भरायचं, एवढंच मनात होतं. पाच वर्षांची तिची उत्तरं पाठ होती. कामाचे तास, उष्णता, गुडघेदुखी, मुकादम बाईचा तिरकसपणा, सगळं भराभर झालं. मग एक्केचाळिसावा प्रश्न आला. "गेल्या सात दिवसांत, कामाचं बोलणं सोडून, तुम्ही कोणाशी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ बोललात का?" इस्त्रीवाली दरवर्षी "हो, शेजारणीशी" म्हणायची. बाईंनी "हो"च्या रकान्यावर पेन टेकवलं आणि ते काही केल्या पुढं सरकेना. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी शेकडो वेळा वाचला होता, पण तो कानावर असा कधी पडलाच नव्हता. त्यांनी "नाही"वर खूण केली.

तिथून पुढचा सगळा फॉर्म बाईंचा स्वतःचा झाला. "तुम्ही एक दिवस कामावर गेला नाहीत तर ते कोणाच्या लक्षात येईल?" "तुम्हाला ताप आला तर जवळ कोण असेल?" बाई प्रामाणिकपणे खुणा करत गेल्या. गंमत अशी की खोटा फॉर्म भरताना इतकं खरं त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या.

दुसऱ्या वर्षी खरं तर गरज नव्हती. सरांनी नवी माणसं भरती करून गळती भरून काढली होती. इस्त्रीवालीपुढं शेरा मारला असता तर कोणी हूं की चूं केलं नसतं. पण रविवार दुपार आली तशी बाईंनी टेबलाजवळ दोन खुर्च्या मांडल्या. एका खुर्चीवर बसून सुरुवातीचं निवेदन मोठ्यानं वाचलं: "आपण वेळ दिल्याबद्दल आभारी आहोत. आपली उत्तरं गुप्त ठेवली जातील. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगा." मग उठून समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "विचारा." पहिले सहा-सात प्रश्न अशी ये-जा केली. मग गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा एकाच खुर्चीवर बसून दोघींचं बोलणं उरकलं. कोणी पाहिलं असतं तर बाईंचं डोकं फिरलं म्हणून शंख केला असता. पण पाहायला कोणी नव्हतं, फॉर्ममध्ये तेच तर लिहिलेलं होतं.

फॉर्मच्या शेवटी एक ओळ मोकळी असते. "आणखी काही सांगायचं आहे?" दहातले नऊ जण "नाही" म्हणतात. तिसऱ्या वर्षी बाईंनी त्या ओळीवर लिहिलं: "संध्याकाळी सातपासून सकाळी नऊपर्यंत माझा आवाज मला ऐकू येत नाही. कधी कधी घसा खाकरून बघते, आहे की गेला."

लिहून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. फॉर्म पाकिटात घालून त्यांनी इतर एकशे एकोणपन्नासांच्या गठ्ठ्यात सारून दिला.

त्या वर्षी केंद्रात धाकट्या मॅडम आल्या होत्या. वय तिशीचं, नुकतीच डॉक्टरेट, पाठीवर पिशवी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. आल्या आल्या त्यांनी सरांशी वाद घातला. "आपण माणसांना विचारतो, तुम्ही किती दुःखी आहात. ती सांगतात, फार. आपण आभार मानून निघून येतो. हे बरोबर आहे का, सर?" सर म्हणाले, मदत केली की निष्कर्ष बिघडतात. प्रकरण नीतिसमितीकडे गेलं आणि समितीनं मॅडमची बाजू घेतली. नवा नियम झाला. मनःस्थितीच्या पाच प्रश्नांना पंचवीसपैकी आठपेक्षा कमी गुण सलग दोन वर्षं पडले, तर त्या माणसाच्या घरी समुपदेशकाला घेऊन जायचंच.

तीनशे माणसांत असे चार नंबर निघाले. सोमवारी सकाळी मॅडमनी बाईंना खोलीत बोलावलं.

"तिघांना मी फोन केलाय. ही चौथी. एकशे अठ्ठ्याऐंशी. हिचा फोन लागत नाही. पंचवीसपैकी चार, बाई. अख्ख्या अभ्यासात सगळ्यात कमी." मॅडमनी फॉर्मचं शेवटचं पान काढलं आणि ती ओळ वाचली. "मी हे घरी माझ्या आईला वाचून दाखवलं. पुढच्या महिन्यातल्या माझ्या निबंधाची सुरुवातच मी या ओळीनं केलीय."

बाई उभ्याच होत्या. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"बाई, तुम्ही आठ वर्षं हिच्यासमोर बसलात. तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"आपण वाटून घ्यायचं नसतं, मॅडम. तसं शिकवलंय."

"गुरुवारी जाऊ. समुपदेशक येतील, मी येते. तुम्ही दार दाखवा, तुम्हाला ओळखते ती."

सुटायचा रस्ता सुतासारखा सरळ होता. शेऱ्याचा चौकोनी शिक्का घ्यायचा आणि "सापडली नाही" म्हणून मारायचा. खोली सोडून गेली, शेजारणीनं सांगितलं. ते खरंही होतं, फक्त दोन वर्षं शिळं. मंगळवारी बाई मुद्दाम त्या जुन्या पत्त्यावर जाऊन आल्या. दारात दुसऱ्याच कोणाच्या चपला होत्या. आतून मुलं भांडत असल्याचा आवाज येत होता. बाई जिन्यात उभ्या राहून बोलायचं वाक्य घोकत राहिल्या. "गेल्या महिन्यातच गेली म्हणे, मॅडम. पत्ता नाही ठेवला." वाक्य चांगलं जमलं होतं. कोणालाही खरं वाटलं असतं.

बुधवारी त्यांनी भावाला फोन केला. आडवारी त्या कधी करत नसत.

"ताई, मी मीटिंगमध्ये आहे गं. काही अर्जंट?"

"नाही, काही नाही."

"रविवारी बोलू मग, हां?"

"हो."

त्यानंतर बाईंनी घर झाडलं, टेबलावरचं कापड बदललं. कपाटाच्या मागच्या बाजूचे चांगले तीन कप काढून धुतले. कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटं आणली, आणि शेजाऱ्यांकडून एक खुर्ची मागून आणली, कारण घरात दोनच होत्या. खुर्ची टेबलाशी लावताना त्यांचं त्यांनाच कळलं की आपण काय चालवलंय. पाहुणे येणार म्हणून घर आवरलं जात होतं. आई गेल्यापासून या घरात कोणी बसायला म्हणून आलं नव्हतं. नोकरी जाईल, बदनामी होईल, हे सगळं त्यांना दिसत होतं. पण तीन माणसं या टेबलाशी बसतील आणि त्यातली दोन खास आपली विचारपूस करायला आलेली असतील, याचा मोह त्याहून मोठा होता. हा प्रामाणिकपणा नव्हता. बाई बिचाऱ्या अधाशी झाल्या होत्या.

गुरुवारी केंद्राच्या दाराशी गाडी आली. ड्रायव्हरनं पत्ता विचारला आणि बाईंनी स्वतःचा सांगितला.

मॅडम वाटेत समुपदेशकांना सांगत होत्या, "आपण घाई करायची नाही. तिला बोलू द्यायचं. चार वाक्यं झाली की उठलो असं व्हायला नको." समुपदेशक पन्नाशीच्या, शांत चेहऱ्याच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "मी दुपार मोकळी ठेवलीय." बाई पुढच्या सीटवर बसून हे ऐकत होत्या. त्यांना रडू येईलसं वाटलं, म्हणून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या मजल्यावर बाईंनी पर्समधून किल्ली काढली.

मॅडम म्हणाल्या, "किल्ली तुमच्याकडे? ती घरात नाही का?"

"या ना आत. बसा. मी चहा टाकते."

दोघी बसल्या. मॅडम खोलीभर बघत होत्या. भिंतीवर बाईंचा आईबरोबरचा फोटो होता, त्यावर त्यांची नजर गेली आणि तिथंच थांबली. बाईंनी तिन्ही कप आणून ठेवले, बिस्किटांची बशी ठेवली, आणि तिसऱ्या खुर्चीवर बसून हात मांडीवर घेतले.

"एकशे अठ्ठ्याऐंशी मीच," त्या म्हणाल्या. "इस्त्रीवाली दोन वर्षांपूर्वीच गेली. सहाव्या वर्षापासूनचे फॉर्म मी भरलेत. पहिल्या वर्षी नोकरीसाठी भरला. पुढचे दोन असेच. उत्तरं मात्र खरी आहेत, मॅडम. एकही खूण खोटी नाही."

समुपदेशकांनी कप उचलला होता. त्या काही म्हणणार होत्या, तोंड उघडलंही होतं. पण मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"किती वर्षं? तीन? आणि बाकीचे? तुमचे बाकीचे दीडशे?"

"ते खरे आहेत. सगळ्यांकडे जाऊन आलेय मी."

"मला कसं कळणार ते? मी कसं मानू?" मॅडम उठल्या. "मी निबंध पाठवलाय. त्याची सुरुवातच त्या ओळीनं आहे. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?" मग समुपदेशकांकडे वळून, "आपल्याला निघायला हवं. सरांना आत्ताच्या आत्ता कळवायला हवं."

समुपदेशकांनी कप खाली ठेवला. "बाई, आपण नंतर बोलू," त्या म्हणाल्या आणि जिन्यावर दोघींच्या पावलांचे आवाज खाली खाली जात राहिले. चहा तिन्ही कपांत तसाच होता. बिस्किटाला कोणी हात लावला नव्हता. येऊन-जाऊन सगळं मिळून आठ मिनिटं झाली असतील, म्हणजे रविवारच्या फोनपेक्षा जास्तच.

पुढं जे व्हायचं ते झालं. बाईंना केंद्रात यायला मनाई झाली. तीन आठवडे विद्यार्थ्यांनी दीडशे घरी फोन करून विचारलं, "फॉर्मवाल्या बाई खरंच आल्या होत्या का?" सगळ्यांनी हो म्हटलं. गाड्या धुणाऱ्यानं उलट विचारलं, "का हो? त्यांना बरं नाही का?" त्याला नियमाप्रमाणे सांगण्यात आलं की ती माहिती देता येत नाही.

चौकशी संपल्यावर सरांनी बोलावलं. खोलीत मॅडमही होत्या, पण त्या कागदांतून मान वर काढत नव्हत्या. सर रागावले नाहीत. "शंभर टक्के जुळलं, बाई," ते म्हणाले. "तो एक नंबर सोडून. इतकी वर्षं इतकं चोख काम, आणि असं कसं केलंत? मला येऊन सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं, सर?"

सर प्रांजळ होते, म्हणून त्यांनी उगीच काही बनवून सांगितलं नाही. टेबलावरचे कागद नीट लावून म्हणाले, "पुढची नेमणूक करता येणार नाही. समजून घ्या."

"समुपदेशक म्हणाल्या होत्या, नंतर बोलू," बाई हळूच म्हणाल्या. हे विचारायला त्यांच्या जिवावर आलं होतं, पण तीन आठवडे त्या त्याचीच वाट बघत होत्या.

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम पहिल्यांदाच बोलल्या, खालीच बघत. "समितीनं ती भेट अभ्यासातल्या माणसांसाठी मंजूर केलीय. कर्मचाऱ्यांसाठी तशी तरतूद नाही. मी विचारून बघितलं, बाई. खरंच बघितलं."

"बरं."

मग सरांनी एक नोंदवही पुढं केली. नव्या नियमानं केलेली, चार नंबरांच्या भेटींची. पहिल्या तीन ओळींपुढं भेटीची तारीख आणि वेळ लिहिली होती. एकाकडे तर समुपदेशक दोन तास बसल्या होत्या. चौथ्या ओळीपुढं मॅडमच्या अक्षरात होतं: "एकशे अठ्ठ्याऐंशी. अशी व्यक्ती नाही. भेटीची गरज नाही."

"नोंद पुरी व्हायला फॉर्म भरणाऱ्याची सही लागते," सर म्हणाले.

बाईंनी चष्मा लावला. ओळ दोनदा वाचली. मग सरांकडून पेन घेऊन त्याखाली सही केली.